दुसऱ्यांदा उघडायचं नाही

१२ जानेवारी

ताई,

उडवतो म्हणे! काय उडवतो मी? इथे उडवायला आहे काय? चारी बाजूंनी माळ, पत्र्याच्या खोल्या, एका खोलीत आठ जण आणि आठ जणांचे मोजे. दुकान एकच, त्यात साबण आणि बिस्किटं. मग काय मी साबण खाऊन पैसे उडवतो? वर तू त्या शेजारच्या फिटरला जाऊन विचारलंस, पाइपलाइनवरच्या वेल्डरला महिन्याला किती सुटतात. भावाचा पगार गल्लीत विचारत फिरताना काहीच वाटलं नाही? तो फिटर नळाच्या तोट्या बसवतो. त्याला मोठ्या पाइपातलं काय कळतंय?

कंपनी जेवणाचे कापते, राहण्याचे कापते, बुटांचेसुद्धा कापते. उरलेल्यातले थोडे मी मागे टाकतो. माझं मला बघायला नको? शाळा सोडली त्या दिवशी तू दारात उभी राहून म्हणाली होतीस, "ही भिंगरी कुठे थांबेल तर शपथ." नाव तू पाडलंस आणि आता सगळं जग त्याच नावाने हाक मारतं. पण ऐकून ठेव, भिंगरीच्या हाताखाली आज दोन हेल्पर आहेत. माझा वेल्डिंगचा एकही जोड आजवर नापास झालेला नाही. टेस्टिंगवाला येतो, बघतो, मान हलवून पुढे जातो.

फोन करू नकोस. टेकडीवर चढल्याशिवाय इथे लागत नाही, आणि लागला की तू रडतेस, मी ओरडतो आणि बोलायचं राहून जातं. पत्र बरं. पाण्याचा टँकर दर गुरुवारी येतो, त्याचा ड्रायव्हर आणतो आणि नेतो.

पाच हजार पाठवलेत. तुझ्या मुंगीचं लिही. वजन वाढलं का?

भिंगरी


२४ जानेवारी

भिंगरी,

दोन हेल्पर असोत नाहीतर बावीस, पाच हजार ते पाच हजारच. जाऊ दे. भांडायला अंगात जीव नाही.

मुंगीला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. चार वर्षांची झाली आणि वजन अकरा किलो. जेवताना कपाळावर घाम फुटतो, दोन घासांच्या मध्ये दम खाते. मला वाटायचं नखरे करते. एकदा धपाटाही घातला होता. तो आता हातात ठणकतो.

हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे आणि डावीकडची झडप नीट मिटत नाही. रक्त पुढे जायचं ते मागे येतं. जन्मापासूनचं आहे. छाती उघडून भोकाला ठिगळ लावणार, झडपेला टाके घालणार. तेवढा वेळ हृदय बंद ठेवून रक्त मशीनमधून फिरवतात. हे ऐकताना तुझे भावोजी भिंतीला टेकले ते बराच वेळ सरळ झाले नाहीत. दुकानात दिवसभर उभं राहून कापड फाडणारा माणूस.

एक डॉक्टरबाई आहेत, त्या आवाजाच्या मशीनने हृदय बघतात. मुंगीच्या छातीवर थंड जेली लावली. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हलायला लागलं. बाई म्हणाल्या, "हे बघ, तुझं हृदय." तर ही विचारते, "मग ते पळतंय कुठे?" बाईंना हसू आवरेना.

ह्याच बाई ऑपरेशनच्या वेळी आत असणार. एक बारीक नळी घशातून अन्ननलिकेत सोडतात, तिच्या टोकाला तेच मशीन. अन्ननलिका हृदयाला मागून टेकलेली असते म्हणे, त्यामुळे तिथून फार स्वच्छ दिसतं. शिवून झालं, हृदय परत धडधडायला लागलं, की छाती बंद करायच्या आधी बघायचं, कुठे गळतंय का. बंद हृदयात गळती कळत नाही, चालू झाल्यावरच कळते.

आता मुद्द्याचं. सही करायच्या कागदावर एक ओळ आहे. गळती राहिलेली दिसली तर त्याच वेळी पुन्हा मशीनवर घेऊन, हृदय पुन्हा थांबवून, दुसऱ्यांदा दुरुस्त करायची परवानगी. बाकी सगळ्याला मी सही केली. त्या ओळीपाशी हात अडला. एवढ्याशा जीवाचं हृदय दोनदा थांबवायचं? मी रोज शिवते. उसवून पुन्हा शिवलेल्या जागी सुईची भोकं राहतात, कापड विरतं. तुझ्या कामावरही आवाजाचंच मशीन आहे ना? तूच एकदा लिहिलं होतंस. तुझ्या माणसांना विचारून नीट कळव. इथे मला समजेल असं सांगणारं कोणी नाही.

ताई


२ फेब्रुवारी

ताई,

कोणाला विचारू? मला माहीत आहे की.

तेच मशीन. डिट्टो. जेलीसुद्धा तीच. आमचा टेस्टिंगवाला जोडावर जेली फासतो, वरून मशीनचा प्रोब फिरवतो, आवाज लोखंडात जातो आणि आत पोकळी असेल तर आपटून परत येतो. आम्ही त्याला कानवाला म्हणतो. तो आला की पोरं म्हणतात, "गप्प बसा रे, जोड बोलणार आहे." चूक सापडली की पिवळ्या खडूने फुली मारतो. फुली पडली की जोड घासून उघडायचा आणि परत भरायचा.

मनातलं सांगतो. पहिल्यांदा भरलेला जोड तो जोड. दुसऱ्यांदा तापवलेलं लोखंड आधीसारखं राहत नाही, कडेला तडकतं. आमच्यात नियमच आहे, एकदा जे झालं ते झालं, दुसऱ्यांदा उघडायचं नाही. जुना वेल्डर तुला हेच सांगेल. हे मशीनवाले, त्यांना काहीतरी दाखवावं लागतं, नाहीतर त्यांना ठेवलंय कशाला? केसाएवढं दिसलं तरी फुली. लोकांच्या हातचं काम मोडण्यात त्यांना मजा येते.

तू शिवणाचं लिहिलंस ते शंभर टक्के बरोबर. लोखंड काय, कापड काय, आपल्या मुंगीचं काळीज काय. ती ओळ खोडून टाक. सर्जन चांगला बघ, एकदाच काय ते होऊ दे.

अनाडी असेन मी, पण ह्या एका गोष्टीत माझं ऐक. हेच माझं काम आहे.

पाच हजार पाठवलेत. मुंगीला सांग, मामा आला की खांद्यावर घेऊन जिना चढणार.

भिंगरी


२१ फेब्रुवारी

भिंगरी,

झालं. मंगळवारी झालं.

सकाळी सातला नेली. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं, ते शेवटी नर्सने कात्रीने कापून तिच्या हातात राहू दिलं. ओढणी नवी होती.

बाहेर लोखंडी बाकं आहेत, त्यावर बसलो. दुपारी एकच्या सुमाराला आवाजाच्या बाई स्वतः बाहेर आल्या. डोक्यावर टोपी, गालांवर मास्कचे वळ. म्हणाल्या, भोक छान बंद झालंय, पण झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताची रंगीत धार पडद्यावर अजून दिसते. मध्यम आहे. पुन्हा मशीनवर घेतलं तर धोका आहे, तसंच सोडलं तर तोही धोका आहे. सर्जन म्हणतात पुन्हा जावं. पण तुम्ही ती ओळ खोडलीत, म्हणून विचारायला आले. पाच मिनिटांत सांगा.

मी म्हटलं, नाही. एकदाच. त्यांनी परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, माझा भाऊ ह्याच मशीनच्या कामावर आहे.

मध्यम म्हणजे जास्त नाहीच ना? थोडं आणि जास्त ह्याच्या मधलं. अजून नळ्या काढलेल्या नाहीत. डोळे उघडते, बोलता येत नाही. पण गाल गुलाबी दिसतात, आधी कधी दिसले नव्हते.

तू नसतास तर मी त्या पाच मिनिटांत मेले असते. तुझ्यावर उगाच ओरडते. पाच तर पाच, तू पाठवतोस हे पुष्कळ आहे.

ताई


१ मार्च

ताई,

वाचून टेकडीवर धावत गेलो. फोन लावायला नाही, नुसताच ओरडायला. पोरांना बिस्किटं वाटली. सांगितलं होतं ना? मध्यम म्हणजे काय, काही नाही. आमच्याकडे मध्यमला कोणी विचारत नाही.

आता तिला खायला घाल. पंधरा किलो झाल्याशिवाय मला कळवू नकोस.

भिंगरी


२६ मार्च

चि. भिंगरीस,

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या ताईला न सांगता लिहितोय, दुकानाच्या मागे बसून.

मुंगीला आठव्या दिवशी घरी सोडलं. पहिला आठवडा बरा गेला. मग पुन्हा घाम, पुन्हा दम. पाय सुजले. उशीला टेकून बसवली तरच झोप लागते. परत भरती केली. बाईंनी पुन्हा आवाजाने बघितलं. झडपेची गळती वाढली आहे. औषधाने किती दिवस रेटायचं, असं म्हणाल्या. पुन्हा छाती उघडावी लागेल. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापलीकडे थांबू नका, असं सर्जननी सांगितलं.

मी त्यांना विचारलं, त्या दिवशी हो म्हटलं असतं तर? ते म्हणाले, ते कोणालाच सांगता येणार नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या दिवशी बाकावर मला हो म्हणायचं होतं, भिंगरी. मी तोंड उघडलं होतं. तुझ्या ताईने तुझं पत्र पिशवीतून काढून माझ्यासमोर धरलं. मी गप्प बसलो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता ती सही करायला तयार नाही. मलाही करू देत नाही. म्हणते, दुसऱ्यांदा उघडायचं नाही, त्यांच्यात नियम आहे, औषधावर बरी होईल. तुझं पत्र घड्या पडून फाटायला आलंय, तिने मागून कापडाची पट्टी लावली आहे. माझी बायको माझं ऐकत नाही, डॉक्टरचं ऐकत नाही. तुझं ऐकते.

म्हणून एकच विचारतो. असा नियम खरंच आहे का? असेल तर तसं लिही, मी पुन्हा बोलणार नाही. नसेल तर तिला लिही. मला नको, तिला.

तुझा भावोजी


२ एप्रिल

ताई,

हे पत्र टँकरवाल्याच्या हातात देऊन वर त्याच्या पाया पडलोय, उद्याच्या उद्या पोचवायला. टेकडीवर जाऊन फोन लावला होता. वाजायला लागल्यावर मीच बंद केला. फोनवर मला खोटं पटकन सुचतं. कागदावर हात जड होतो. आज जडच पाहिजे.

नियम नाही.

मी कानवाल्याकडे गेलो. सहा महिने त्याच्याशी बोललो नव्हतो. तो जेवत होता. मी विचारलं, साहेब, दुसऱ्यांदा उघडायचं नाही असं असतं ना? तो म्हणाला, "कोण म्हणतं?" मी म्हटलं, जुने लोक म्हणतात. तर म्हणाला, "आळशी लोक म्हणतात. उघडायचं, भरायचं, परत बघायचं. नाही जमलं तर मोठ्या साहेबाची सही घेऊन पुन्हा उघडायचं. नाहीतर मी बघतो कशाला रे? गंमत म्हणून?"

मग मी मुंगीचं सांगितलं. सगळं. त्याने डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "लोखंड मेलेलं असतं, बाबा. कोणाच्या पोरीचं काळीज मोजायला माझी पट्टी घेऊन गेलास?" आणि उठून हात धुवायला गेला. अर्धा डबा तसाच राहिला.

हे अर्धं झालं. उरलेलं अर्धं ऐक.

मी वेल्डर नाही. माझ्या हाताखाली कोणी नाही, मी दुसऱ्यांच्या हाताखाली आहे. वेल्डर म्हणून घ्यायच्या आधी तीन जोड करून दाखवावे लागतात. माझ्या तिन्हींवर पिवळी फुली पडली. तिसरा उघडला तेव्हा मी कानवाल्याच्या अंगावर धावून गेलो होतो, तिघांनी मला धरलं. त्याच दिवशी मला ग्राइंडर दिला. हेल्पर. तेव्हापासून मी जे मनाशी घोकत होतो, तेच तुला नियम म्हणून लिहिलं. नापास झालेल्या माणसाचं रडगाणं होतं ते, ताई. तू पोरीचा जीव त्याच्यावर ठेवलास.

आणि माझं काम काय आहे सांगू? फुली पडलेला जोड घासून उघडायचा. दिवसातून सहा-सात. दुसऱ्यांदा उघडायचं नाही असं तुला लिहिलं, त्या दिवशीही सात उघडले होते. वेल्डर परत भरतो, कानवाला परत बघतो, फुली पुसतो. त्याच पाइपांतून आज पाणी जातंय. डोळ्यांनी बघतो मी रोज.

तू मला उधळ्या म्हणालीस, ते मी चालू दिलं. उधळ्या वेल्डर म्हणवून घेणं मला नापास हेल्परपेक्षा बरं वाटलं. बाकी काही नव्हतं त्यात.

बाही वाकडी बसली तर तू काय करतेस? तशीच देतेस गिऱ्हाइकाला? आईचा मार खाऊन तू बाही उसवायला शिकलीस, मी बघितलंय. कापड विरेल म्हणून वाकडी बाही तशीच दिली, असं तू कधी केलं नाहीस.

सही कर. ती ओळ खोडू नकोस. आत बाई बघतील, गळलं तर परत जातील, परत बघतील. जाऊ दे त्यांना जितक्यांदा जायचं तितक्यांदा. माझं कुठलंही पत्र जवळ ठेवू नकोस. हेसुद्धा वाचून झालं की फाड.

भावोजींवर चिडू नकोस. त्यांना त्या दिवशी हो म्हणायचं होतं.

भिंगरी


२७ एप्रिल

सही केली. अकरा तारखेला नेलं.

सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत. ह्या वेळी बाहेर कोणी विचारायला आलं नाही, कागदावर ओळ होती. बाईंनी नंतर सांगितलं. झडप दुरुस्त केली, हृदय चालू करून बघितलं, धार होती. परत थांबवलं. परत टाके घातले. परत बघितलं. आता धार नाही. मलाही दाखवलं पडद्यावर. झडप उघडते, मिटते, मिटल्यावर काही दिसत नाही. काही न दिसण्यासाठी एवढं.

मशीनवर फार वेळ गेला. जागी झाली ती तीन दिवसांनी. डावा हात उचलत नाही. बोटंही हलत नाहीत. मेंदूकडे रक्ताची गाठ गेली असावी म्हणतात. व्यायाम देतात. वय लहान आहे, परत येईल कदाचित, असं म्हणाले. कदाचित म्हणजे किती, हे मी आता कोणाला विचारत नाही. मध्यमचं विचारलं होतं तेवढं पुरे.

घाम येत नाही. अख्खी पोळी खाल्ली. उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवते आणि मला सांगते, "हा झोपलाय, आवाज करू नको."

तुझ्यावर चिडायला मी रोज बसते. मग आठवतं, ती ओळ माझ्या पेनाने खोडली आहे. बाकावर नाही मी म्हटलं. तुझ्या पत्राने नाही म्हटलं नव्हतं. तुझे भावोजी माझ्याशी बोलतात, पण मान खाली घालून. मीही वर बघत नाही.

पत्रं फाडली नाहीत. तुला फाडून हवी आहेत, म्हणून फाडणार नाही.

हेल्परला किती मिळतात ते मी फिटरला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तूच सांग. आणि यापुढे मला वेल्डरचे पाच हजार नकोत. जे खरं असेल ते पाठव. दोनशे असले तर दोनशे.

ताई


६ मे

ताई,

तुझं पत्र कामावरच वाचलं. मग तीन जोड उघडले.

कानवाला रोज विचारतो, पोरगी कशी आहे. हाताचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या जुन्या प्रोबचं रबराचं टोपण आणून दिलं. मऊ आहे, मुठीत दाबायला बरं. म्हणाला, डाव्या हातात दे, दाबू दे तिला. सोबत पाठवतोय. धुऊन घे.

जोड मारायची परीक्षा पुन्हा देता येते. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. दिली तर कळवीन. नापास झालो तरी कळवीन.

पगार आठ हजार सहाशे. जेवण-राहण्याचे कापून हातात पाच हजार दोनशे येतात. म्हणजे वेल्डरचे म्हणून पाठवत होतो, ते मी सगळेच पाठवत होतो. मागे टाकलेलं काहीच नाही, कधी नव्हतंच. वरचे दोनशे साबणाचे आणि बिस्किटांचे. ह्या महिन्यात बूट फाटले, त्याचे दोनशे साठ कापले.

पाठवतोय, चार हजार सातशे चाळीस.